माझ्या नावावरची तीन मरणं

फोर्ट पोर्टल, ९ जून २०१२

अकीकी,

मी बरी आहे. शाळेत सिस्टर अलॉइशिया सांगायच्या, पत्राची सुरुवात प्रकृतीनं करावी म्हणजे वाचणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. तेव्हा ते नुसतं वळण वाटायचं. या वेळी ते खरंच सांगायची वेळ आली.

बुधवारी सकाळी रेडिओवर काय झालं ते तुला तुटक तुटक कळलंच आहे. बातम्यांनंतर मृत्यूच्या सूचना लागतात तेव्हा मी मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होते. निवेदकानं आधी शोकाची धून लावली आणि वाचलं, "पर्पेचुआ कबासिंगुझी अब्वोली, राहणार किजुरा, मंगळवारी संध्याकाळी देवाघरी गेल्या." मला वाटलं, कुणीतरी माझ्याच नावाची बाई दिसते, देव तिला शांती देवो. मग त्यानं दुसरी सूचना वाचली. पर्पेचुआ कबासिंगुझी अब्वोली, राहणार हरुगोंगो. तिथे त्याची जीभ अडखळली. तिसऱ्या सूचनेला त्यानं गाणंच लावून टाकलं.

गावाचं नाव कुणी ऐकत नाही गं. माणूस नाव ऐकतो आणि चप्पल पायात घालतो. अर्ध्या तासात शेजारची अबोकी धावत आली, मागोमाग चर्चच्या बायका, कुणाच्या डोक्यावर सरपण, कुणाच्या केळ्यांचा घड. मी हातात चिमटे घेऊन उभी. एक बाई मला बघून मटकन खालीच बसली. आणलेलं परत कसं न्यायचं, म्हणून शेवटी सगळ्यांनी माझ्याच अंगणात चूल मांडली, केळ्यांचं मातोके शिजवलं आणि माझ्या मरणाचं जेवण माझ्यासमोर जेवल्या. अबोकी म्हणाली, "चव बरी झालीये. खऱ्या वेळी एवढं जमेल की नाही कुणास ठाऊक."

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं की तुला कळवलंय आणि तू बसमध्ये बसलीयस. मी अबोकीच्या फोनवरून तुला फोन केला, कारण माझा नंबर तू उचलत नाहीस.

चार वर्षांत तुझा आवाज पहिल्यांदा ऐकला. तू म्हणालीस, "कोण?" मी म्हटलं, "आई." मग तू म्हणालीस, "मग मी कशाला येतेय?" तू अर्ध्या वाटेत मुबेंडेला उतरलीस आणि समोरून येणाऱ्या बसनं कंपालाला परत गेलीस, हे मला नंतर कळलं.

अबोकी अजून मला बोलते. "चार तास मेलेली राहिली असतीस तर काय आभाळ कोसळलं असतं? पोरगी दारात आली असती. मग उठायचं होतं." पण तू बसमध्ये एकटी रडत असशील या विचारानं माझा धीर सुटला. असो.

मला काय हवंय ते एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही. मी चालतीबोलती असताना तू एकदा घरी यावंस. बाकी काही नाही.

हे पाकीट सकाळच्या बसच्या कंडक्टरकडे देते. बस पार्कातल्या त्यांच्या खिडकीवर तुझ्या नावानं मिळेल.

आई


१७ जून

अकीकी,

उत्तर नाही, तरी लिहिते. माणूस चुकून मेला तर ते कशानं, हे त्याच्या मुलीला कळायला हवं. शिवाय तू दिवसभर वीजमीटरच्या पोटात घालायचे प्रोग्राम लिहितेस, तेव्हा हे तुझ्याच धंद्यातलं आहे.

आमच्या संस्थेत दुसऱ्या वर्षाला बसेमेरा नावाची बाई आहे. वय तिशीचं, दोन मुलं. दिवसा माझ्या वर्गात सी ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकते, संध्याकाळी रेडिओ केंद्रावर सूचना टाइप करते. लोक रांगेत उभे राहतात. कुणी मेलेल्याचं नाव सांगतो, कुणी हरवलेल्या बकरीचं, कुणी वाढदिवसाची शुभेच्छा लिहून देतो. तिनं वर्षाचा प्रकल्प म्हणून याचाच प्रोग्राम लिहिला. नाव, गाव आणि मजकूर टाइप करायचा, आणि सकाळी निवेदकाला छापील यादी मिळायची. मला फार आवडला होता. मुलं प्रकल्प म्हणून दुसऱ्यांची गणितं उतरवतात. हिनं स्वतःच्या टेबलावरचं काम उचललं.

तिनं नाव टाइप करून घ्यायला एकच जागा ठेवली. गाव आणि मजकूर प्रत्येक सूचनेत नीट उतरवून ठेवले, पण नावाच्या बाबतीत, जागा वाचेल म्हणून, नाव न उतरवता त्या जागेचा नुसता पत्ता लिहून ठेवला. पहिल्या सूचनेत तो पत्ता, दुसऱ्या सूचनेत तोच, सगळ्यांत तोच. आणि त्या जागेवर दर वेळी नवं नाव येऊन बसत होतं. सकाळी यादी छापताना प्रोग्राम इमानदारीत प्रत्येक पत्त्यावर गेला, आणि प्रत्येक वेळी त्याला तिथे शेवटचं टाइप केलेलं नाव भेटलं.

शेवटचं नाव माझं होतं. मी मंगळवारी संध्याकाळी एक शुभेच्छा देऊन आले होते. कुणासाठी ते जाऊ दे.

तिनं घरी चाचणी घेतली तेव्हा एकाच सूचनेवर घेतली होती. एकच माणूस असेल तर चूक दिसतच नाही.

बसेमेरा गुरुवारी वर्गात आलीच नाही. शुक्रवारी आली ती मागच्या बाकावर बसली. मी जवळ गेले तर म्हणाली, "मॅडम, मी तुम्हाला मारलं."

मी म्हटलं, "दोनदा. तिसऱ्यांदा निवेदकानं वाचवलं."

ती हसली नाही. वर्ग हसला. खऱ्या मेलेल्या तिघांची घरं तिनं गुरुवारीच पायी फिरून गाठली आणि माफी मागितली. किजुराच्या घरी तिला दारातूनच परत पाठवलं. त्यांच्या आजीच्या मातीला फक्त घरचीच माणसं होती, कारण रेडिओवर तिचं नाव कुणी ऐकलंच नाही, आणि लोक माझ्याकडे जेवत होते. हे मला चैन पडू देत नाही.

तू हे कसं दुरुस्त केलं असतंस?

आई


२९ जून

अकीकी,

तुझं पाकीट मिळालं. आत तीन ओळी. "पत्ता ठेवू नका, नावाची नक्कल करा. आधी नावाची लांबी मोजून तेवढी जागा मागा. शेवटच्या खुणेसाठी एक घर जास्त." वर नाव नाही, खाली सही नाही. मी चार वेळा वाचलं. मग वर्गात फळ्यावर जसंच्या तसं लिहिलं आणि बसेमेराला म्हटलं, "कंपालातल्या एका इंजिनीअरनं कळवलंय."

अबोकीला दाखवलं. तिला वाचता येत नाही, पण कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "एवढंच? बसनं पाठवायचा खर्च तरी वसूल करायचा होता."

ते शेवटचं जास्तीचं घर मुलांच्या गळी उतरता उतरत नाही. मी त्यांना मण्यांची माळ सांगते. अक्षर म्हणजे मणी, आणि शेवटी गाठ. गाठ नसली तर माळ तुटत नाही, पण वाचणारा थांबत नाही. तो पुढे जातो, शेजारच्या घरात शिरतो आणि तिथलं जे सापडेल ते तुझं म्हणून वाचत सुटतो. शिवणाच्या तासाला सिस्टर माझ्या धाग्याला गाठ नसली की काहीही न बोलता पूर्ण शिवण ओढून काढायच्या. त्यांचा पांढरा हात अजून डोळ्यांसमोर येतो. कॉन्व्हेंटच्या खिडकीतून त्या वेळी बर्फाचा डोंगर स्पष्ट दिसायचा. हल्ली दिसतो तो फार थोडा, तोही पहाटे.

काल तुलनेचा धडा घेतला. दोन नावं सारखी आहेत का, हे बघताना मुलं नावं न बघता पत्ते जुळवून बघतात आणि प्रोग्राम म्हणतो, नाही, वेगळी आहेत. दरवर्षी याच जागी वर्ग अडतो. मी त्यांना आपल्या एम्पाकोंचं, प्रेमानं हाक मारायच्या नावांचं उदाहरण दिलं. आपल्या सगळ्या टोरो मुलखात मिळून ही नावं बारा. या वर्गातच चार अकीकी आहेत. हाक सारखी, माणसं चार, घरं चार. तुम्हाला हाक सारखी आहे का विचारायचंय की माणूस तोच आहे का विचारायचंय? आधी ठरवा, मग लिहा.

मागून एक जण म्हणाला, "मॅडम, माझ्या काकानं लग्नात असंच केलं. अकीकी म्हणून बघून आला आणि तिची चुलत बहीण घेऊन आला."

"मग?"

"मग काय. सुखात आहेत. काकू सांगते, प्रोग्राम चालला ना, बस."

अख्खा वर्ग दहा मिनिटं हसत होता. मीही हसले. मग घरी आले आणि दमले म्हणून न जेवता पडून राहिले. या वर्षी लवकर दमते. डिसेंबरात निवृत्ती आहे, तोवर ओढायचं.

बसेमेराच्या नव्या प्रोग्रामबद्दल एक विचारायचं होतं. मागितलेली जागा परत केल्यावरही तिच्याकडे जुना पत्ता उरतो. तो तसाच ठेवला तर चालेल का?

आई


१० जुलै

अकीकी,

तुझी एक ओळ मिळाली. "हे तुला माहीत आहे. मला का विचारतेस?"

खरं आहे. मला माहीत आहे. बावीस वर्षं मी हेच शिकवतेय. घर पाडलं तरी पत्ता हातात राहतो, आणि माणूस सवयीनं तिथे जातो. कधी काही दिवस तिथे जुन्या भिंती उभ्याही सापडतात आणि वाटतं, सगळं तसंच आहे. मग एके दिवशी तिथे दुसऱ्याचं काहीतरी असतं. मी तुलाही हे याच टेबलावर शिकवलं होतं, तू चौदा वर्षांची असताना. तुझा बाबा, अमोटी, दारात बसून ऐकायचा आणि म्हणायचा, "तुम्ही मायलेकी, पाडलेल्या घरांचं सोडा, उभ्या घरातलं बोला जरा."

मग का विचारलं? दुसरं काही विचारलं असतं तर तू उत्तर दिलं नसतंस.

मी तुझ्या बाबाला कंपालाच्या दवाखान्यातून घरी आणलं. ऑपरेशनची तारीख तू मिळवली होतीस, डॉक्टर तू शोधला होतास, सगळं धावपळीनं तू केलं होतंस, आणि मी त्याला गाडीत घालून इकडे घेऊन आले. तीन आठवड्यांनी तो गेला. मातीनंतर तू माझ्याकडे न बघता बोललीस, "तू त्याला मरायला आणलंस," आणि नाचणीच्या कारोचा घासही न घेता निघालीस. यातलं काहीच मी खोडून काढत नाही. एवढंच म्हणेन की, त्याला मी का आणलं, हे तू विचारलं नाहीस. तू ठरवलंस.

हे लिहायचं नव्हतं. पण फाडलं तर पुन्हा लिहायचा दम नाही, म्हणून तसंच पाठवते.

आई


२२ जुलै

अकीकी,

यावर उत्तर येणार नाही हे धरूनच चालले होते. ठीक आहे. आज फक्त कामाचं लिहिते.

बसेमेराचा नवा प्रोग्राम दोन आठवडे छान चालला आणि मग बिघडला. नक्कल केली होती, लांबीही मोजली होती, पण जागा मागताना ते जास्तीचं एक घर राहिलं. तुझी ओळ फळ्यावर असताना राहिलं. बहुतेक नावांना काही झालं नाही. नशिबानं शेजारी मोकळी जागा होती. मग परवा एक लांब नाव आलं आणि त्याची गाठ शेजारच्याच्या अंगणात पडली. यादी अर्धी छापून थांबली. या वेळी कुणी मेलं नाही, पण केंद्राच्या व्यवस्थापकानं संस्थेला कडक शब्दांत कळवलं.

प्राचार्य अरालींनी मला खोलीत बोलावलं. तू त्यांना ओळखत नाहीस, दोन वर्षांपूर्वी आले. वाईट नाहीत, घाबरट आहेत. म्हणाले, "मॅडम, एकदा चूक समजू शकतो. दोनदा? लोक म्हणतायत, संस्था हेच शिकवते का."

मी म्हटलं, "हेच शिकवते. चूक न करता हे कुणाला आलेलं मी पाहिलं नाही."

"तुम्ही तिच्या शिक्षिका. तुम्ही तिची बाजू घेणारच. शिवाय," ते जरा थांबले, "गेलेल्या माणसाच्या बोलण्याला समितीत वजन किती धरायचं, असा विनोद लोक करतील."

मी हसले नाही, तेव्हा तेही ओशाळले.

शुक्रवारी, ३ ऑगस्टला समिती बसणार आहे. बाहेरच्या कुणा जाणकाराचं मत घ्या म्हणतायत. नाहीतर संस्थेच्या पटावरून तिचं नाव काढतील, आणि नाव काढलं की रेडिओवरचं कामही जाईल. तिला मी सांगितलं, धीर धर. ती म्हणाली, "मॅडम, धीर धरून मुलं जेवत नाहीत. त्या कंपालाच्या इंजिनीअरचा पत्ता द्या." मी दिला नाही. तुला अडचणीत टाकणं नको वाटलं. नंतर कळलं, तिनं बसच्या कंडक्टरकडून माझ्या पाकिटावरचं तुझं नाव आणि नंबर घेतला. तिनं फोन केला म्हणून राग धरू नकोस. तिचा स्वभाव असा आहे की दार बंद दिसलं तर ती खिडकी शोधते.

तिनं तुला आणखी काय सांगितलं ते मला म्हणाली. ती शुभेच्छा कुणाच्या वाढदिवसाची होती, तेही. तिनंच टाइप केली होती, तिला माहीत असणारच. कंपालात आपलं केंद्र लागत नाही हे मला ठाऊक आहे. दरवर्षी ठाऊक असतं.

मी बरी आहे.

आई


४ ऑगस्ट, शनिवार, दुपार

अकीकी,

हे पत्र कंडक्टरकडे द्यायचं नाही. तू पलीकडच्या खोलीत झोपलीयस. पण तोंडानं बोलायला बसले तर आपण दोघी कुठे जाऊन पोचू सांगता येत नाही, म्हणून लिहिते. लिहायची सवयही झालीये.

काल तू समितीच्या खोलीत आलीस तेव्हा मी तुला आधी ओळखलंच नाही. केस कापलेस. चालणं मात्र बाबाचं. अरालींनी खुर्ची दिली आणि विचारलं, "तुमच्या मते हा निष्काळजीपणा आहे की नाही?"

तू म्हणालीस, "सर, मला नोकरी लागली त्या वर्षी मी एका वस्तीतल्या सगळ्या मीटरांना एकाच घराचा क्रमांक दिला होता. हीच चूक. एका म्हाताऱ्याच्या नावावर अख्ख्या वस्तीची वीज लागली."

"मग तुम्हाला काढलं नाही?"

"काढलं असतं तर ती दुरुस्त कुणी केली असती? चूक कुठे आहे ते मला एकटीलाच माहीत होतं."

समितीतले एक जण म्हणाले, "पण बाईंनी दोनदा केली."

"दुसरी वेगळी आहे," तू म्हणालीस. "पहिली समजली म्हणूनच दुसरीपर्यंत पोचली. तिसरीही करेल. ती कोणती असेल तेही मी आत्ता सांगू शकते." आणि बसेमेराकडे बघून, अगदी माझ्या आवाजात, "वापरून झालेली जागा परत करतेस का?" बसेमेरानं मान खाली घातली. खोलीत पहिल्यांदा कुणीतरी हसलं. तिचं नाव राहिलं. केंद्राची यादी डिसेंबरपर्यंत तिच्यासोबत मी रोज तपासायची, या अटीवर. मी हो म्हटलं. दमणूक आहे, पण ही करण्यासारखी आहे.

तू माझ्यासाठी आली नाहीस, हे तू काल संस्थेच्या फाटकात सांगितलंस आणि रात्री घेवड्याचा फिरिंडा वाढताना पुन्हा. मला ऐकू येतं. बसेमेरासाठी आलीस, ते चांगलंच केलंस. मी तुला येण्याचं कारण विचारणार नाही.

आज सकाळी तू बाबाच्या खोलीत गेलीस. त्याच्या खाटेवर बसून खिडकीतून बघत होतीस. तिथून डोंगर दिसतो. त्याला घरी आणणं हे माझ्या एकटीचं ठरवणं नव्हतं, एवढंच आज लिहिते. एवढ्या मेहनतीनं मिळवलेल्या तारखेला तुझ्या तोंडावर नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही. माझ्याशी बोलताना त्याला तेवढी भीती वाटायची नाही. तो तुझ्या नजरेत भित्रा ठरू नये म्हणून मी चार वर्षं गप्प होते. तुला विचारायचं असेल तर मी सगळं सांगेन. नसेल तर नको. तो तुझा बाबा आहे. तुला जसा ठेवायचाय तसा ठेव.

तू मला एकच्या बसला उठवायला सांगितलं होतंस. पाऊण वाजता मी तुझ्या दारापर्यंत आले. तू कुशीवर झोपली होतीस, तोंड उघडं, लहानपणी झोपायचीस तशी. चार वर्षांत कुणी इतकं गाढ झोपलेलं या घरात पाहिलं नव्हतं. मी तशीच परत फिरले. एकची बस गेली. अबोकीनं कुंपणावरून विचारलं, "पोरगी गेली?" मी ओठांवर बोट ठेवलं.

मी आता रेडिओ केंद्रावर चाललेय, बसेमेरा वाट बघत असेल. चारची एक बस आहे. तिनं गेलीस तर किल्ली अबोकीकडे दे. राहिलीस तर चुलीवर पाणी ठेव, मी आल्यावर चहा करू.

आई